तीसपैकी 21: आईच्या तपासणीवरच्या कमेंटला उत्तर

ताई, तुमची कमेंट परवा रात्रीच वाचली, पण लगेच लिहिलं असतं तर मी डॉक्टर म्हणून डॉक्टरांची बाजू घेतल्यासारखं झालं असतं, म्हणून थांबलो. तुमचं म्हणणं असं की मानसिक अवस्थेची तपासणी म्हणजे नुसती प्रश्नोत्तरं, ना रक्त ना स्कॅन, कधी शाळेत न गेलेल्या आईला शंभरातून सात वजा करत जा म्हणाले, ती गांगरली, तीसपैकी 21 मार्क पडले आणि दहा मिनिटांत कागदावर डिमेन्शिया, म्हणजे विसरभोळेपणाचा आजार, लिहून मोकळे. घरी येऊन आई रडली. तुमचा राग बरोबर आहे. पण तो तपासणीवर नको, ती ज्या पद्धतीनं उरकली त्यावर हवा.

मार्कांचाच हिशोब करू. ही आठवण आणि विचार तपासायची टेस्ट, एमएमएसई (मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन), 1975 साली अमेरिकेत आली. एकूण 30 मार्क, साधारण 24 च्या खाली गेलं की शंका घ्यायची. त्यात सात-सात वजा करायचे 5, कागदावरचं वाचून तसं करायचं 1, एक वाक्य लिहायचं 1, एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन बघून काढायचे 1. म्हणजे जिनं आयुष्यात पेन्सिल धरली नाही तिचे 8 मार्क खुर्चीत बसायच्या आधीच गेले, उरले 22. हे आठही गेले असतील तर बाकीच्या सगळ्यात मिळून तुमच्या आईचा फक्त एक मार्क गेलाय! आणि हे आपल्याकडे कुणाला माहीतच नव्हतं असंही नाही, हरियाणात बल्लभगढच्या खेड्यातल्या न शिकलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी हिंदीत वेगळी टेस्ट केली ती याचसाठी, त्यात वजाबाकीच्या जागी वार उलटे म्हणायला सांगतात. मीही ओपीडीत तेच करतो, रविवार, शनिवार, शुक्रवार... आणि तारखेवर अडून न बसता पेरणी झाली का, मागचा सण कुठला झाला, घरात शेवटचं लग्न कुणाचं झालं हे विचारतो.

खरं तर तपासणी पहिल्या प्रश्नाच्या आधीच सुरू झालेली असते. पेशंट दारातून कसा येतो, लुगडं-केस कसे आहेत, कुणाच्या आधारानं बसतो, बोलणं सलग आहे का मध्येच तुटतं, सांगताना चेहरा त्या बोलण्याबरोबर हलतो का. एक गोष्ट सांगतो, विसरभोळेपणाचा आजार खरंच सुरू झालेला असला की प्रश्न विचारल्या विचारल्या माणूस बरेचदा मान वळवून मुलीकडे किंवा बायकोकडे बघतो, किंवा काहीतरी जुळवून उत्तर देतो, आणि तेच मन खचलेलं असलं तर बरेचदा प्रयत्नच करत नाही, "नाही माहीत, जाऊ द्या" म्हणतो. मार्क दोघांनाही सारखेच पडू शकतात आणि औषध मात्र पूर्ण वेगळं. हा फरक फक्त आकडा बघून कसा कळणार?

मी स्वतः चुकलोय. शिकत असताना एका नवीन लग्न झालेल्या मुलीच्या केसपेपरवर मी "नजरेला नजर देत नाही, बोलत नाही, भावना बोथट" असं लिहिलं होतं, शेजारी सासू बसलेली, डोक्यावर पदर. आमच्या मॅडमनी सासूबाईंना बाहेर बसायला सांगितलं आणि ती मुलगी पाऊण तास रडत रडत बोलली. मी लिहिलेलं सगळं मॅडमनी माझ्यासमोर खोडलं. त्या दिवसापासून सोबतच्या माणसाला थोडा वेळ बाहेर पाठवल्याशिवाय मी तपासणी पूर्ण झाली असं मानत नाही.

आता रक्त आणि स्कॅन. कानात आवाज येतात का, जीव नकोसा झालाय का, हे कुठल्याच रिपोर्टमध्ये दिसत नाही, ते बोलूनच काढावं लागतं. पण विसरायला होतंय अशी तक्रार असेल तर थायरॉइड, बी-12, सोडियम हे बघायलाच हवं, बरेचदा डोक्याचा स्कॅनही, आणि कान. ऐकूच नीट आलं नाही तर उत्तर काय देणार! हे न करता डिमेन्शिया लिहिलं असेल तर ते घाईचं आहे, हे मी स्पष्ट म्हणतो.

आईला डिमेन्शिया नाहीच असं मी इथून सांगू शकत नाही, तसं सांगितलं तर मीही तेच केलं असं होईल. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा, आणि आईबरोबर चोवीस तास जो राहतो त्याला न्या. आमटीत मीठ दोनदा पडतं का, दुधाचा हिशोब वर्षभरापूर्वीसारखा जमतो का, दुकानातून येताना वाट चुकते का, तेच तेच परत विचारते का, आणि हे कधीपासून, एवढं लिहून न्या. फक्त ते आईसमोर वाचू नका, डॉक्टरांना बाजूला घेऊन द्या. आणि तो 21 वाला कागद रागानं फाडू नका, जपून ठेवा, सहा महिन्यांनी तीच टेस्ट परत घेतली की आईचे मार्क तिच्याच आधीच्या मार्कांशी ताडून बघता येतील.