डबल: लाल कार्ड एक, अर्थ हवे तेवढे

मेंढीकोट, बदाम सात, रमी असं करत करत तुम्ही ब्रिजच्या टेबलापर्यंत पोचलात, अभिनंदन. इथे आधी बोली लागते, हुकूम कोणता आणि सहाच्या वर किती हात करणार याची; समोरच्यांच्या बोलीवर म्हणायचा एक शब्द म्हणजे डबल. आता पहिला सल्ला ऐका: डबलचा अर्थ पार्टनरशी आधी कधीही ठरवू नका. डाव सुरू व्हायला अर्धा मिनिट उरलेला असताना, चहाचा कप सावरत विचारायचं, "डबल स्टँडर्ड ना?" तो म्हणेल, "हो हो, स्टँडर्डच." झालं. तुमचं स्टँडर्ड आणि त्याचं स्टँडर्ड यांची गाठ आता थेट सहाव्या बोर्डावर, म्हणजे सहाव्या डावात, पडेल.

काही मंडळी घरून कागद लिहून आणतात. पार्टनर अजून काही बोललेला नाही आणि बोली खालच्या पातळीवर आहे, तर डबल म्हणजे 'तू बोल'. पार्टनरनं नो-ट्रम्प (बिनहुकमाचा खेळ) सांगितलंय, किंवा आपण गेमला, म्हणजे मोठ्या बक्षिसाच्या बोलीला, पोचल्यावर समोरचे मध्ये घुसलेत, तर डबल म्हणजे 'पाडू या'. चार ओळींत आटोपतं म्हणे. असल्यांच्या नादी लागू नये. डाव संपल्यावर त्यांच्याकडे बोलायला काही उरत नाही.

मुळात शब्द सरळ होता. डबल म्हणजे "तुमचं हे काही होत नाही, लावता पैज?" पण समोरच्यानं एक बदाम म्हटल्यावर तो पाडायला निघावं असा हात महिनोन्महिने येत नाही. उलट बदाम कमी आणि बाकी तिन्ही रंग भरलेले, असा हात दर बैठकीला येतो. म्हणून पहिल्या महायुद्धाच्या सुमारास, आजच्या ब्रिजच्या आधीच्या ऑक्शन ब्रिजच्याच काळात, अमेरिकेतल्या खेळाडूंनी रिकाम्या बसलेल्या या शब्दाला दुसऱ्या कामाला जुंपलं: 'पार्टनर, तुझा रंग सांग'. तो टेकआउट डबल.

1957 मध्ये ॲल्विन रॉथ आणि टोबायस स्टोन यांनी गोष्ट आणखी पुढे नेली. पार्टनरची एक चौकट, समोरच्याचं एक इस्पिक, त्यावर तुमचा डबल म्हणजे "माझ्याकडे बदाम आहेत, निदान चार". त्याच वर्षी रशियानं स्पुटनिक सोडला होता, म्हणून या डबललाही तेच नाव पडलं. आता निगेटिव्ह म्हणतात. खरी मजा पुढे आहे. तुमच्याकडे इस्पिकचीच पाच दणदणीत पानं असतील, तर तुम्ही पास म्हणायचं आणि पार्टनर आपल्या हातातली इस्पिकची टंचाई ओळखून स्वतः डबल देईल याची वाट बघायची. थोडक्यात, मारायचं असेल तेव्हा गप्प बसायचं, मारायचं नसेल तेव्हा लाल कार्ड काढायचं. स्थळाकडून 'कळवतो' असा निरोप आला की त्याचा अर्थ ज्यांना बरोबर कळतो, त्यांना हे जड जाऊ नये.

मला गेलं. माझे पार्टनर नाना, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. एका गुरुवारी डाव्या बाजूनं एक इस्पिक, नानांचा पास, उजवीकडून दोन इस्पिक. माझ्याकडे इस्पिकचं एकच पान, बाकी रंग बरे. मी डबल दिला. नाना, बोला काहीतरी. नानांकडे इस्पिकची राणी-गुलाम धरून चार पानं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि पास केलं. समोरच्यानं बरोबर आठ हात केले.

आता हिशोब बघा. दोन इस्पिकचे साधे 60, डबल झाले की 120, आणि 100 पार म्हणजे गेम. ते दोघं बिचारे दोनवरच थांबणार होते. आम्ही त्यांना हाताला धरून गेमला नेलं. ते व्हल्नरेबल (म्हणजे त्या डावात बक्षीसही चढं आणि दंडही), म्हणून गेमचे 500. वर 50 आणखी. हे 50 कशाचे, तर अपमानाचे. डबल देऊनही कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे शेवटची बोली, पुरं झालं, तर ज्याचा अपमान केला त्याला भरपाई मिळते. एकूण 670. मी पास केलं असतं तर 110. "नाना, तो टेकआउट होता." "अरे, मग तसं म्हणायचंस ना!"

पुढच्या गुरुवारी नाना शहाणे होऊन आले. समोरच्यांनी चार बदाम म्हटले. माझ्याकडे दोन एक्के आणि बदामाचे राजा-राणी. मी डबल दिला. नानांनी खिन्न चेहऱ्यानं पाच किलवर काढले. समोरच्यांनी त्याला डबल दिला, आणि त्या डबलच्या अर्थाबद्दल त्या दोघांत जराही मतभेद झाला नाही. तीन हात कमी, आम्ही व्हल्नरेबल, 800.

कोणता डबल ते नाना म्हणतात तसं सांगायची सोय पूर्वी होती. बोली तोंडानं चालायची तेव्हा 'डबल?' असं गोड उचललं की टेकआउट, आणि 'डब्बल!' म्हणून टेबल हलवलं की दंड. नियमाला ते तेव्हाही मंजूर नव्हतं, आता तर बिडिंग बॉक्स, म्हणजे बोलीच्या कार्डांचे डबे, आले. सगळ्या डबलना तेच एक लाल कार्ड, त्यावर फुली. तरी निराश होऊ नका. कार्ड अलगद ठेवता येतं, आपटता येतं, ठेवण्याआधी सव्वा मिनिट छताकडे बघता येतं. यावर कुणी डिरेक्टरला (स्पर्धेच्या पंचाला) बोलावून असल्या चोरट्या इशाऱ्यांचा नियम 16 काढलाच, तर "मी विचार करत होतो" म्हणावं. तुमचा खेळ ज्यांनी पाहिलाय ते हे मान्य करणार नाहीत, पण ते असो.

नावं मात्र भरपूर पाठ करा. सपोर्ट डबल, रिस्पॉन्सिव्ह डबल. लाइटनर डबल तर हवाच: समोरच्यांच्या स्लॅमला (बारा किंवा तेरा हातांच्या बोलीला) डबल, म्हणजे पार्टनर, नेहमीचं सोडून भलतंच पान काढ, बहुधा डमीनं (ज्याची पानं टेबलावर उघडी पडतात त्यानं) आधी सांगितलेला रंग, मी तिथे हुकूम मारतो. मी हे नानांना एकदाच समजावलं. ते भलतंच पान काढायला एका पायावर तयार असतात, फक्त डबल नसतानाही.

काल उजवीकडून तीन चौकट आली. मी पास, डावीकडूनही पास, आणि नानांनी बॉक्समधून लाल कार्ड काढून टेबलाच्या कडेला समांतर, अगदी मोजून ठेवलं. उजवीकडच्या काकूंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "या डबलचा अर्थ काय हो?"

मी नानांकडे पाहिलं नाही. "स्टँडर्ड," म्हटलं.