'रन' म्हणजे पळणे, बास?

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांब झालंय, पण वाचा.

शेजारची सातवीतली मुलगी संध्याकाळी वही घेऊन आली. 'माझी आई' या विषयावर इंग्रजीत दहा ओळी लिहायच्या होत्या. तिने लिहिलं होतं, 'माय मदर रन्स अ पोळीभाजी केंद्र.' त्यावर इंग्रजीच्या बाईंची लाल फुली आणि समासात 'रन म्हणजे पळणे!' असा शेरा. शिवाय हे वाक्य वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं गेलं आणि 'हिची आई केंद्र पळवते' म्हणून पोरं खदाखदा हसली. मला विचारत होती, "काकू, मग माय मदर इज हाउसवाइफ लिहू का?"

पहाटे उठून कणीक तिंबणारी, हाताखालच्या बायकांचा पगार वेळेवर देणारी, उधारीची वही सांभाळणारी ही बाई. तिच्या पोरीने अगदी बरोबर वाक्य लिहिलं, आणि ते खोडून आपण तिला खोटं वाक्य लिहायला लावणार?

मला माझे बाबा आठवले. भोसरीला एमआयडीसीत टर्नर होते, म्हणजे लेथ मशीनवर धातूचे भाग कातायचे. इंग्रजीच्या पेपरने त्यांना आयुष्यभर घाबरवलं. पण खंडेनवमीला कंपनीत घरच्यांना नेत, तेव्हा झेंडूची माळ घातलेल्या लेथसमोर त्यांनी मला दाखवलेलं अजून डोळ्यांसमोर आहे. चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत, जॉब (कातायचा तुकडा) धरला, त्याला डायल (काट्याचं मोजमापाचं घड्याळ) लावला आणि हाताने चक सावकाश फिरवला. काटा दोन रेघा हलला. म्हणाले, "हा रनआउट. एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. जॉब अगदी सेंटरला नाही." मी म्हटलं, क्रिकेटमधला रनआउट? तर म्हणाले, "तो वेगळा, हा जॉबचा."

तो वेगळा, हा जॉबचा! झालं की. एवढंच तर शिकायचं असतं. शब्द कुणाच्या शेजारी बसलाय ते बघायचं.

आणि हे आपल्याला परकं आहे का हो? जुनी गाडी घेताना आपण पहिलं काय विचारतो? रनिंग किती झालंय. ओट्याचा ग्रॅनाइट, पडद्याची पट्टी, सगळ्याचा भाव रनिंग फुटावर. बांधकामाच्या ठेकेदाराचं, काम चालू असतानाच निघणारं रनिंग बिल. नवीन मशीनची ट्रायल रन. लोकलने जाणारा माणूस रनिंगमध्ये गाडी पकडतो, आणि तिथे पळतो तो माणूस, तरी रनिंग म्हणजे चालती गाडी! हे सगळं मराठी माणूस रोज बोलतो, एकदाही अडखळत नाही. शाळेत गेलं की मात्र 'रन म्हणजे पळणे'. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, मध्ये बरोबरचं चिन्ह, असा तक्ता.

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदलेत. पीटर गिलिव्हर या संपादकाला त्या एका नोंदीवर नऊ महिन्यांहून जास्त काम करावं लागलं. १९८९ च्या आवृत्तीत 'सेट' हे क्रियापद अर्थांच्या संख्येत पहिलं होतं, 'रन'ने त्याला मागे टाकलं. मुळात पळणं आणि वाहणं एवढंच सांगणारा हा शब्द. म्हणून नळही रन होतो आणि सर्दीत नाकही. पुढे यंत्रं आली, तीही रन होऊ लागली. मग कारखाने, दुकानं, संगणकातले प्रोग्रॅम. अमेरिकेत निवडणुकीला लोक रन करतात, इंग्लंडमध्ये स्टँड करतात, आणि आपणही उभेच राहतो. धुण्यात साडीचा रंग गेला तरी रनच, आणि घरातलं तेल संपलं तरी 'रन आउट'. बाबांच्या डायलच्या आणि क्रिकेटच्या जोडीला हा तिसरा.

मान्य आहे, सातवीच्या पोरांना सहाशे अर्थ कुणी शिकवू शकत नाही. हेही मान्य, वर्ग खच्चून भरलेला असतो आणि बाईंच्या मागे शंभर कामं असतात. पण फुली मारण्याआधी शब्दकोश उघडायला किती वेळ लागतो?

बघा, 'वेळ लागतो' लिहिलं मी. आपल्याकडे भूक लागते, ठेच लागते, घाटात बस लागते, नोकरी लागते, थेटरात पिक्चर लागतो, आणि तो माझा मामा लागतो. मराठी शिकणाऱ्या एखाद्या परक्या माणसाने 'मला नोकरी लागली' असं म्हटलं, तर आपण त्याला सांगू का, की नाही, लागणे म्हणजे फक्त ठेच? उलट, कौतुक करू. मग आपल्याच पोरीने इंग्रजीत तेच केलं तर तिला हसायचं?

२००० सालापासून आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी आहे. इतक्या वर्षांनी बारावी झालेली मुलं मुलाखतीत गप्प बसतात आणि आपण त्यांनाच नावं ठेवतो. शब्द पाठ असतात त्यांना, ढीगभर. पण प्रत्येक शब्दाला एकच अर्थ चिकटवून दिलेला. समोरचा म्हणाला, 'वी आर रनिंग लेट', की पोरगं तिथेच गार. कोण पळतंय हेच शोधत बसतं. माझ्या बाबांना कुणी असा तक्ता दिला नव्हता. त्यांना जॉब दिला होता आणि डायल दिला होता.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. बाईंवर माझा राग नाही, त्याही त्याच तक्त्यावर शिकल्या असणार. उद्या मुलीच्या आईबरोबर मी त्यांना भेटणार आहे, शब्दकोशातलं ते पान घेऊन. भांडायला नाही. ती फुली काढून घ्या आणि हे वर्गात सांगा, एवढंच म्हणायचंय, कारण हसणं वर्गात झालं होतं.

तोवर तुम्ही एक करा. तुमच्या कामात रोज तोंडात असलेला 'रन', 'सेट', 'टेक', 'कट' कसा वापरता, ते आख्खं वाक्य कमेंटमध्ये टाका. टेलर, ड्रायव्हर, नर्स, वायरमन, ब्युटीपार्लरवाल्या, सगळ्यांनी. इकडच्या पोरांना एका वहीत उतरवून देते.