दोन कुप्यांनी काय होतंय?

दर पावसाळ्यात तेच! भाताच्या खाचरात कुणाला तरी घोणस चावते, पोरं मोटारसायकलवर मधे धरून आणतात आणि दवाखान्यात ऐकायचं काय? "सापाच्या विषावरच्या औषधाच्या, प्रतिविषाच्या, दोनच कुप्या शिल्लक आहेत, सांगलीला न्या."

अहो, दोन कुप्यांनी काय होतंय? सुरुवातीलाच आठ-दहा लागतात. लहान पोर असलं तरी डोस तेवढाच, कारण साप काय वय बघून विष कमी सोडत नाही. इकडं हिरड्यांतून रक्त यायला लागलेलं आणि तिकडं चिठ्ठीवर 'बाहेरून आणा'. रात्री मेडिकलवाला फ्रीज उघडून दाखवतो: इन्सुलिन, टीटी आणि त्याची स्वतःची ताकाची बाटली.

प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून बनतं, वेळ लागतो, मान्य. पण पाऊस काय न सांगता येतो होय? जूनला साप निघणार हे बत्तीस शिराळ्यातलं शेंबडं पोरही सांगेल. मग मागणी एप्रिलातच का जात नाही? टेंडर अडकलंय म्हणे. साहेबांच्या गाडीचं डिझेल बरं कधी अडकत नाही!

आणि सांगलीला पोचल्यावर वर आम्हालाच झापतात, "एवढा उशीर का केला?"