‘जुना धनुर्धर’ यांना उत्तर (थोडं लांबलंय)

तुमची प्रतिक्रिया काल रात्री जेवताना वाचली. वरणभात गार झाला, तो तसाच खाल्ला.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगते. गेल्या आठवड्यात मी धनुष्याने शिकार शिकू पाहणाऱ्या इथल्या मराठी मंडळींसाठी लेख लिहिला. जूनमध्ये धनुष्य घ्या, उन्हाळ्यात न्यू जर्सीचा धनुष्याचा कोर्स करा, रोज सराव करा, ऑक्टोबरात झाडावर बसा, आणि पहिल्या वर्षी 20 यार्डांपलीकडे बाण सोडू नका, असा साधा मजकूर. त्यावर विस्कॉन्सिनहून हे आलं: "अहो ताई, स्वयंपाकघरातली सुरी आणि ब्रॉडहेड यांत फरक असतो. तीन महिन्यांच्या सरावावर लोकांना हरणामागे धाडणारे तुमच्यासारखे हौशी लोकच जखमी जनावरं रानात सोडून येतात. आधी एक अख्खं वर्ष निशाणावर मारा, मग बोला." पुढे आणखी पाच-सहा मुद्दे आहेत, पण मी इथेच अडकले.

सुरीचं आधी. (ब्रॉडहेड म्हणजे शिकारीच्या बाणाचं धारदार पात्यांचं टोक.) माझ्या लेखात स्वयंपाकघर कुठेच नव्हतं, ते तुम्ही आणलंत. लेखक पुरुष असता तर तुम्ही सुरीऐवजी काय लिहिलं असतं? स्क्रूड्रायव्हर?

आता ‘हौशी’. विस्कॉन्सिनचं सरकार तुम्हाला हरणं मारायचा पगार देतं का? नसेल, तर तुम्हीही हौशीच. लायसन्सचे पैसे तुम्ही भरता, मीही भरते. धनुष्यावरचा 11 टक्के केंद्रीय कर दोघांच्याही खिशातून जातो. तुम्ही पंधरा वर्षं आधी सुरुवात केलीत, एवढाच काय तो फरक. सीनियॉरिटी मान्य आहे. पण तिच्या जोरावर माणसाने दुसऱ्याला अंगठ्याखाली धरावं, असं कोणत्या नियमपुस्तकात लिहिलंय?

आणि जखमी जनावरं. माझे वडील सातारा तालुक्यात गुरांचे डॉक्टर होते. नवव्या वर्षापासून मी त्यांच्यामागे बॅटरी धरून गोठ्यात उभी राहिलेय. अडलेली म्हैस, तारेने फाटलेला बैल, जखमेत अळ्या पडलेलं वासरू, सगळं पाहिलंय. जनावराची वेदना काय असते हे मला कीबोर्डवरून शिकवू नका.

सांगायचं नव्हतं, पण तुम्ही विषय काढलाच आहे तर सांगते. माझं दुसरं वर्ष होतं. व्हाइट ओकखाली हरणाची एक मादी एकर्न (ओकची फळं) खात होती. अंतर 27 यार्ड, तिन्हीसांजेची वेळ. तोवर माझा दीड वर्षाचा सराव झाला होता. हो, तुम्ही सांगता त्या अख्ख्या वर्षापेक्षा सहा महिने जास्त. निशाणावर 30 यार्डांवरून माझे पाचही बाण पुरीएवढ्या वर्तुळात बसायचे. मी बाण सोडला. दोरीचा आवाज होताच ती खाली दबली आणि वळली, आणि बाण फुप्फुसाऐवजी मागे लागला. बाण सापडला, त्यावर हिरवट चिकटा आणि तो वास. ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे: पोटात लागलाय. अशा वेळी लगेच मागे जायचं नसतं, सहा-आठ तास थांबायचं असतं, नाहीतर बसलेलं जनावर उठून आणखी मैलभर जातं. मी थांबले. रात्री पाऊस आला. सकाळी उजाडल्यापासून दुपारपर्यंत मी ओढ्याच्या दोन्ही बाजू पालथ्या घातल्या. नाही सापडली.

20 यार्डांची मर्यादा तिथून आलीय, पुस्तकातून नाही.

आता हिशोब करू. माझं धनुष्य 45 पौंडांचं, म्हणजे दोरी ओढायला तेवढा जोर लागतो, बाणाचा वेग सेकंदाला साधारण 240 फूट. 27 यार्ड म्हणजे 81 फूट, बाणाला सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा वेळ लागतो. आवाज सेकंदाला अकराशे फुटांनी जातो, तो बाणाच्या कितीतरी आधी तिथे पोहोचतो. म्हणजे त्या मादीला जवळजवळ पाव सेकंद मिळाला, आणि हरणाला पाव सेकंद पुष्कळ होतो. या पाव सेकंदाबद्दल फोमचं निशाण काय शिकवणार? तुम्ही अदिती स्वामीचं उदाहरण दिलंत. ती आमच्या साताऱ्याची पोर, 2023 मध्ये बर्लिनला तिरंदाजीत कंपाऊंडमध्ये (चाकांच्या धनुष्याच्या प्रकारात) जगज्जेती झाली तेव्हा 17 वर्षांची होती. तिच्या मेहनतीपुढे मी हात जोडते. पण तिचं निशाण 50 मीटरवर जागच्या जागी उभं असतं, कान टवकारत नाही, आणि चुकलं तर तिचे गुण जातात. ही तुलना तुम्हीच केलीत, मी नाही.

न सोडणं शिकावं लागतं, आणि ते झाडावर बसूनच शिकता येतं. पहिल्या वर्षी मी अकरा सकाळी बसले आणि एकही बाण सोडला नाही. एकदा नर समोर आला, पण छाती माझ्याकडे करून उभा राहिला. बाजू देईना. मी पूर्ण ओढून धरलं होतं. कंपाऊंडच्या चाकांमुळे तेव्हा हातात नऊ-दहा पौंडच उरतात, तरी दीड मिनिटाने खांदा थरथरायला लागतो. शेवटी दोरी हळूहळू सैल करत पुढे नेली, बाण सोडला नाही. तो शेपूट वर करून निघून गेला. तुमच्या हिशोबाने ही सकाळ वाया गेली, कारण मी तेव्हा निशाणावर हवी होते.

बाकीचं भराभर. आडव्या धनुष्याबद्दल म्हणजे क्रॉसबोबद्दल मी काहीच लिहिलं नव्हतं, त्यामुळे त्याचं उत्तरही देत नाही. "भारतातली पोरं हे वाचून रानात जातील": 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिकडे शिकारीला बंदी आहे, हे लेखाच्या पहिल्याच ओळीत होतं. पहिली ओळ वाचायची पद्धत विस्कॉन्सिनात नसावी. ‘ही आपली संस्कृती नव्हे’ या मुद्द्याचं राहू द्या, तुम्ही स्वतः पंधरा वर्षं काय केलंत त्याला कोणती संस्कृती म्हणायची?

आता तुमचं जिथे बरोबर आहे ते. मी न्यू जर्सीत किमान ड्रॉ वेट (दोरी ओढायला लागणारा जोर) 40 पौंड लिहिलं, ते चुकलं. तुम्ही सांगितलेलं 30 सुद्धा चूक आहे, तो तुमच्या राज्याचा आकडा. इथे 35 आहे. दुरुस्त केलंय. ड्रॉ लेंथ (दोरी किती मागे ओढायची ते अंतर) दुकानात मोजून घ्यावी, सेल बघून ऑनलाइन मागवू नये, हेही मान्य. घरी अंदाज हवा असेल तर हात पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंतचे इंच अडीचने भागायचे. ही ओळ लेखात घातली आहे.

ती तुमच्या नावाने घालणार होते. पण ‘जुना धनुर्धर यांच्या सूचनेवरून’ असं टाइप करताना हसू यायला लागलं, म्हणून राहिलं.