स्कूटरवरून पडण्याआधी सासूबाईंना बिल द्या

घोडबंदर रोडवर स्कूटर चालवणाऱ्या तमाम वहिनी-ताईंना कळकळीची विनंती, खड्डा चुकवताना मागून टेम्पो ठोकणारच असेल तर निदान तयारीने पडा. आमच्या बिल्डिंगमधली वहिनी बिनतयारीची पडली, कासारवडवलीजवळ, डिकीत अर्धा किलो भेंडी आणि सासूबाईंच्या डायपरचं पाकीट. उजव्या मनगटात प्लेट बसली. आता चहाचा कप धरता येतो, पण ओला टॉवेल पिळता येत नाही, आणि पॅरालिसिस झालेल्या सासूबाईंना काखेत धरून कमोडवर बसवणं तर विसराच.

तर अपघाताची भरपाई मागायची असेल तर पहिली गोष्ट, पगाराची स्लिप ठेवा. नसेल तर श्रीमंत नवरा तरी करा. मोटार वाहन कायद्याच्या जुन्या दुसऱ्या परिशिष्टात न कमावत्या बायकोचं उत्पन्न नवऱ्याच्या कमाईच्या एक तृतीयांश धरायचे, म्हणजे तोच तवा, तीच पोळी, पण हिरानंदानी इस्टेटमध्ये भाजली तर महाग आणि कळव्याच्या चाळीत भाजली तर स्वस्त! ते परिशिष्ट गेलं, सवय कुठे जाते.

मेलात तर हिशोब त्यातल्या त्यात सोपा. जमशेदपूरच्या 1989 च्या आगीत गेलेल्या गृहिणींच्या कामाची किंमत सुप्रीम कोर्टाने 2001 मध्ये महिना 3000 रुपये धरली होती. वाचलात की गोची. जखमीला काय काय मिळू शकतं त्याची यादी कोर्टाने 2010 मध्ये नीट लावून दिलीय, औषधपाणी, बुडालेली कमाई, पुढचे उपचार, वेदना, जगण्यातला गेलेला आनंद, कमी झालेलं आयुष्य. सगळं तुमचं. तुम्हाला उठवायला बाई लागत असेल तर अटेंडंटचा खर्च मागता येतो, पण तुम्ही रोज जिला उठवत होतात तिच्यासाठी ब्युरोची मावशी ठेवली तर विमावाले म्हणणार, अहो पण अपघात त्यांचा कुठे झालाय? बरोबरच आहे. सासूबाई तर दोन वर्षं पलंगावरून हलल्यापण नाहीत.

कोर्टाला कळत नाही असं नाही हं. 2001 च्या जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत बसवलं म्हणून 2010 मध्ये सुप्रीम कोर्टाने झापलंय, 2021 मध्ये परत सांगितलंय, सरकारच्याच 2019 च्या सर्व्हेचा आकडा देऊन, की आपल्याच घरचं काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला 299 मिनिटं घालवतात आणि पुरुष 97. (ही 97 मिनिटं कुठल्या घरात होतात ते मला बघायला जायचंय.)

म्हणून आजपासूनच बिलबुक आणा. डायपर बदलला, फाडा पावती. रात्री दोनला कूस बदलली, नाइट चार्ज लावा. भात मऊ करून भरवला तर चमच्याचा रेट वेगळा. प्रत्येक पावतीवर सासूबाईंचा अंगठा घ्या, डावा, उजवा चालत नाही. त्या रडल्या तर सांगा, आई, मी माया नाही करत, पुरावा जमवतेय.

आणि उत्तरं पाठ करा, हे सगळ्यात महत्त्वाचं. वहिनीचे कागद चोख होते, एफआयआर, पंचनामा, अपंगत्वाचा टक्के लिहिलेला दाखला, सगळं फायलीत टॅग लावून. ठाण्याच्या कोर्टात उलटतपासणीला विमा कंपनीच्या वकिलांनी अगदी गोड आवाजात विचारलं, "ताई, अपघाताआधी तुम्ही काय करत होतात?"

"काही नाही," वहिनी म्हणाली, "घरीच असायचे."

खटाखट टाइप झालं. मागच्या बाकावर भाऊजी मोबाईलमध्ये टाइम बघत होते, मावशीला चारला सोडायचं होतं.