खुलासा : गोकूचे '९०००' आणि पृथ्वीवरचे द्वंद्व

'ड्रॅगन बॉल झी' या जपानी ॲनिमे मालिकेतला नायक गोकू आणि त्याचा शत्रू व्हेजीटा यांच्या लढतीबद्दल 'गोकूची ताकद ९००० च्या वर, म्हणून त्याने व्हेजीटाला एकट्याने हरवले', हा दावा फिरतो आहे. यातल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

'ड्रॅगन बॉल झी'च्या मूळ जपानी संवादात व्हेजीटा '८००० च्या वर' म्हणतो. मांगामध्येही (मूळ जपानी चित्रकथेतही) ८०००च आहे. ९००० हा आकडा इंग्रजी डबिंगमधून पसरला. शिवाय ८००० हा आकडा काइओकेन (ताकद काही पटींनी वाढवणारे तंत्र) न लावलेल्या गोकूचा आहे. व्हेजीटाचा आकडा १८,०००. म्हणजे निव्वळ ताकदीत गोकू निम्माही नाही!

दुप्पट काइओकेन अपुरे पडले, तिप्पट लावल्यावर गोकू वरचढ झाला आणि चौपट काइओकेनच्या कामेहामेहाने (गोकूच्या ऊर्जेच्या झोताने) व्हेजीटाचा ऊर्जेचा झोत, म्हणजे गॅलिक गन, मागे रेटली. पण या तंत्रात शरीर भरडून निघते, हीच त्याची खरी मर्यादा. मग व्हेजीटाने कृत्रिम चंद्र बनवून महावानराचे रूप घेतले. ताकद थेट १० पट. इथे गोकू चिरडला गेला, हे स्पष्ट सांगायला हवे.

पुढे गोकूचा साथीदार याजिरोबेने व्हेजीटाची शेपूट कापली आणि त्याचे वानररूप संपले, गोकूचा मित्र क्रिलिनने गेंकीदामा (ऊर्जेचा गोळा) फेकला, वानर झालेला गोकूचा मुलगा गोहान अंगावर कोसळला, तेव्हा व्हेजीटा आपल्या अंतराळयानाकडे सरपटला. क्रिलिन त्याला संपवणार होता, गोकूनेच थांबवले.