चिक चॉकलेट: उपाधीच्या पलीकडे

ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांच्यावरील एका लेखात त्यांना, प्रसिद्ध अमेरिकी जॅझ ट्रम्पेटवादकाच्या नावावरून, ‘भारताचे लुई आर्मस्ट्राँग’ म्हटले आहे. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. गोव्यातील हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ (हे चिक चॉकलेट यांचे खरे नाव) मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात स्वतःचा वाद्यवृंद घेऊन जॅझ वाजवत, आणि तोच बाज त्यांनी संगीतकार सी. रामचंद्रांचे साहाय्यक म्हणून हिंदी चित्रपटगीतांत उतरवला, याचा लेखात उल्लेखही नाही. भगवानदादांच्या ‘अलबेला’ (१९५१) मध्ये तर झालरीच्या बाह्यांचे सदरे घातलेला त्यांचा वाद्यवृंद पडद्यावरच दिसतो. ‘शोला जो भडके’ ऐकताना गायकांऐवजी (त्यांतले चितळकर म्हणजे स्वतः सी. रामचंद्रच) ओळींमधल्या ट्रम्पेटकडे कान द्यावा. तबकडीवर वादकांची नावे छापण्याची रीत नव्हती, म्हणून ही कामगिरी झाकली गेली.